विश्लेषण : बाळाला शू होते, तरी धार का पाहायची? मुलग्यांच्या मूत्रमार्गातला ‘पडदा’ किडनी कशी बिघडवतो?

बाळ जन्मलं की घरात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. दूध ओढतंय का आणि शू केली का? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं की विषय संपतो. पण मुलगा असेल तर धारही पाहायला हवी. थेंब थेंब होणाऱ्या शूनेही डायपर ओला होतो आणि एक गंभीर जन्मजात दोष तिथेच नजरेतून सुटतो.

हा दोष नेमका काय?

नाव ‘पोस्टिरिअर युरेथ्रल व्हॉल्व्ह’, डॉक्टरांच्या बोलण्यात ‘पीयूव्ही’. मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गात पातळ पडद्यासारखी घडी तयार होते. लघवी बाहेर येताना ती शिडासारखी फुगून वाट अडवते. साधारण 5 ते 8 हजार मुलग्यांमागे एकात हा दोष आढळतो, मुलींमध्ये नाही.

पडदा छोटा असला तरी त्याचा त्रास वर चढतो. तोटी जेमतेम उघडी ठेवून पंप चालू ठेवावा, तसं हे आहे. मूत्राशय जोर लावून लावून जाड होतं, मूत्रवाहिन्या फुगतात, दाब किडनीपर्यंत पोहोचतो. हे सगळं गर्भातच सुरू झालेलं असतं. शिवाय गर्भजल बहुतांशी बाळाच्या लघवीचंच असतं. ते फार कमी झालं तर फुप्फुसांची वाढ खुंटते आणि बाळाला जन्मताच श्वासासाठी झगडावं लागतं.

सोनोग्राफीत कळत नाही का?

अनेकदा कळतं. 18 ते 20 आठवड्यांच्या तपासणीत फुगलेलं मूत्राशय आणि सुजलेल्या किडन्या दिसू शकतात. कधी मात्र ही सूज शेवटच्या तिमाहीतच दिसते.

आपल्याकडे एक वेगळीच अडचण आहे. 1994 च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यानुसार गर्भाचं लिंग कोणत्याही प्रकारे सांगता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण हा दोष फक्त मुलग्यांत होतो, म्हणजे त्याचं नाव घेणं हे लिंग सांगण्यासारखंच. त्यामुळे अहवालात ‘हायड्रोनेफ्रोसिस’ किंवा ‘मूत्राशयाच्या तोंडाशी अडथळा’ एवढंच असू शकतं. ‘किडनीला थोडी सूज आहे, जाईल’ हे पुष्कळदा खरंही ठरतं. मात्र सूज दोन्ही बाजूंना असेल आणि मुलगा झाला, तर ती फाइल लगेच बालरोगतज्ज्ञांच्या हातात द्यावी.

सरकारी तपासणीत सापडतो का?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. त्याच्या मूळ 30 आजारांच्या यादीत 9 जन्मजात दोष आहेत. दुभंगलेले ओठ, वाकडे पाय, हृदयदोष वगैरे. मूत्रमार्गाचे दोष त्यात नाहीत. यादीतले बरेच दोष निदान अंगावर दिसतात. हा दिसत नाही, म्हणून घरच्यांची नजर जास्त महत्त्वाची.

उपचार काय?

आधी नळी घालून लघवी मोकळी केली जाते. मग सोनोग्राफी आणि ‘एमसीयू’ हा एक्स-रे, त्यानंतर मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून पडदा कापतात. पोटावर छेद लागत नाही. पण ‘ऑपरेशन झालं, सुटलो’ असं मात्र नाही. गर्भात झालेलं किडनीचं नुकसान भरून येत नाही. या मुलांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश मुलांच्या किडन्या पुढे निकामी होतात, म्हणून तपासण्या मोठेपणीही चालू ठेवाव्या लागतात.

लगेच डॉक्टरांकडे कधी जायचं?

जन्मानंतर 24 तासांत शू झाली नाही, धार न येता नुसती गळते, शू करताना बाळ कुंथतं, ओटीपोट फुगलेलं आणि टणक लागतं, किंवा कारण न कळता ताप येतो आणि वजन वाढत नाही, तेव्हा. धार पाहायची तर दिवसातून थोडा वेळ डायपर काढून बाळाला मोकळं ठेवावं लागेल. लंगोटाच्या काळात आजीला ती आपोआप दिसायची.