उबेची पारख

नवापूरचे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. त्यामुळे सुरतेचा कपडा येथील पेढ्यांना परका नाही. परंतु शिखरजीच्या 27 किलोमीटरच्या वंदनेस थंडीत, पहाटेच्या अंधारात निघणाऱ्या यात्रेकरूसाठी भारी जाकीट निवडताना केवळ बोटांची पारख पुरत नाही.

प्रथम आतली पट्टी वाचावी. ‘डाऊन’ म्हणजे बदक-हंसांची कोवळी पिसे; 600, 800 हे आकडे त्यांच्या फुगवट्याचे. भरण पॉलिएस्टरचे असल्यास पिसांचा प्रश्नच मिटतो. ते थोडे जड खरे. पण भिजल्यावरही बरीच ऊब धरते, पिसे मात्र गोळा होतात. तेव्हा कृत्रिम ते हलक्या प्रतीचे, हा समज निदान दुकानदाराने बाळगू नये. पट्टीवर भरणाचा उल्लेखच नसेल, तर माल स्वस्त असला तरी परत पाठवावा. टोपीच्या कडेची फर खरी की कृत्रिम, हेही खरेदीपूर्वीच विचारावे.