मागील दाराने विश्वचषकाकडे

नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपातील विश्वचषक पात्रता स्पर्धेचे गटसामने संपले, तेव्हा दोन संघांचे ताळेबंद शेजारी शेजारी मांडून पाहण्याजोगे होते. इटलीचा संघ आठ सामने खेळला, त्यांतील सहा त्याने जिंकले आणि अठरा गुण मिळवून तो आपल्या गटात दुसरा आला. नॉर्वेने त्याला ओस्लोत ३-० आणि मिलानमध्ये ४-१ असे दोनदा नमविले, एवढेच त्याचे न्यून. स्वीडनचा संघ सहा सामने खेळला आणि त्यांतील एकही त्याला जिंकता आला नाही. स्लोव्हेनियाशी दोन वेळा बरोबरी साधून त्याने कसेबसे दोन गुण पदरात पाडून घेतले आणि चार संघांच्या गटात तो चौथा, म्हणजे अखेरचा आला. या दोन्ही संघांना युरोपीय फुटबॉल संघटनेने, म्हणजे युएफाने, मार्च २०२६ मधील प्लेऑफसाठी एकाच सोळा जणांच्या पंक्तीत पान मांडून दिले. प्लेऑफमध्ये पुढे कोण तरले आणि कोण बुडाले, हा प्रश्न येथे गौण आहे. त्या पंक्तीत कोणाला कोणत्या हक्काने बसविले, हाच खरा प्रश्न आहे.

हा हक्क नियमांच्या पुस्तकात रीतसर नोंदलेला आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. २०२६ च्या स्पर्धेत एकूण संघांची संख्या ३२ वरून ४८ झाली आणि युरोपच्या वाट्याला १३ ऐवजी १६ जागा आल्या. रशियावर २०२२ पासून बंदी असल्यामुळे उरलेल्या ५४ संघांचे बारा गट पाडण्यात आले. त्यांतील सहा गटांत चार-चार आणि सहा गटांत पाच-पाच संघ होते. बारा गटविजेते थेट पात्र ठरले. उरलेल्या चार जागांसाठी बारा उपविजेत्यांना बोलावण्यात आले. येथवर कोणाचीही हरकत असण्याचे कारण नाही. परंतु बारा संघांनी कोष्टक नीट भरत नाही म्हणून आणखी चार संघ शोधण्यात आले आणि ते नेशन्स लीग नावाच्या दुसऱ्याच स्पर्धेतून उचलण्यात आले. २०२४ मध्ये त्या स्पर्धेत जे गटविजेते ठरले आणि विश्वचषकाच्या गटात ज्यांना पहिला किंवा दुसरा क्रमांक मिळविता आला नाही, अशांपैकी वरच्या क्रमांकाच्या चौघांना हे आमंत्रण मिळाले. रुमानिया, स्वीडन, उत्तर आयर्लंड आणि उत्तर मॅसिडोनिया हे ते चार भाग्यवंत. स्वीडनने २०२४ मध्ये स्लोव्हाकिया, एस्टोनिया आणि अझरबैजान यांच्या गटात पहिला क्रमांक मिळविला होता, तोही त्या लीगच्या तिसऱ्या श्रेणीत. ती पुण्याई वर्षभराने कामी आली.

या व्यवस्थेची कूळकथा समजून घेतल्याशिवाय तिचा अर्थ कळत नाही. देशादेशांमधील मैत्रीच्या सामन्यांना प्रेक्षक येईनासे झाले, मोठे क्लब त्यांसाठी खेळाडू सोडताना कुरकुर करू लागले आणि दूरचित्रवाणीच्या लिलावात त्या सामन्यांना भाव मिळेना. म्हणून २०१८ मध्ये नेशन्स लीग सुरू झाली. तुल्यबळ संघांनी आपापसांत खेळावे ही तिच्यामागची कल्पना चांगलीच होती. पण केवळ चांगल्या कल्पनेवर स्पर्धा उभी राहत नाही. तिच्या विजेतेपदाला लोकांच्या मनात मोल नव्हते. मग तिला उसने अवसान आणण्यासाठी आधी युरोपीय अजिंक्यपदाची आणि नंतर विश्वचषकाची कवाडे तिच्याकडे किलकिली करून देण्यात आली. ज्या स्पर्धेला स्वतःच्या पायांवर उभे राहता येत नाही, तिच्या हाती जगातील सर्वांत मोठ्या स्पर्धेची काठी दिली गेली. आता काठी कोणाची आणि पाय कोणाचे, हे कळेनासे झाले आहे.

या चौघांना उपविजेत्यांच्या बरोबरीने वागविलेले नाही, असा खुलासा यावर केला जातो, आणि तो खोटा नाही. त्यांना शेवटच्या मानांकनात ठेवण्यात आले आणि पहिला सामना त्यांना परक्या मैदानावर खेळावयाचा होता. परंतु कोसोव्होच्या दृष्टीने या खुलाशाचे मोल काय? २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉलच्या घरात प्रवेश मिळालेल्या या चिमुकल्या देशाने स्वीडनला प्रिस्टिनामध्ये २-० आणि नंतर थेट गोथेनबर्गमध्ये जाऊन १-० असे हरविले. अकरा गुण मिळवून तो स्वित्झर्लंडच्या मागोमाग दुसरा आला. एवढे करूनही त्याच्या वाट्याला पहिला सामना आला तो स्लोव्हाकियात, परक्याच मैदानावर. ज्याला दोनदा हरविले तो आणि आपण एकाच उंबरठ्यावर एकाच अटीवर उभे आहोत, हे पाहून तेथील प्रेक्षकाने कोणता बोध घ्यावा? अडीच महिन्यांच्या सहा सामन्यांचे फलित शून्य, असाच ना?

विश्वचषकात कोणी आणि कोणत्या मार्गाने जावे, हा प्रश्न युरोपला नवा नाही. १९३० मध्ये तर पात्रता फेरीच नव्हती. उरुग्वेला जाण्यासाठी बोटीचा लांबचा प्रवास करण्यास फ्रान्स, बेल्जियम, रुमानिया आणि युगोस्लाव्हिया हे चारच देश तयार झाले. १९३४ मध्ये पात्रता फेरी सुरू झाली, तेव्हा यजमान इटलीलाही ग्रीसशी सामना खेळून आपला हक्क सिद्ध करावा लागला. आजच्या यजमानांना ही गोष्ट सांगितली तर ती त्यांना थट्टाच वाटेल. १९५४ च्या स्पर्धेसाठी स्पेनने माद्रिदमध्ये तुर्कस्तानला ४-१ असे हरविले आणि इस्तंबूलला त्याची १-० अशी हार झाली. गोलफरक मोजण्याची पद्धत तेव्हा नव्हती. म्हणून रोममध्ये तिसरा सामना झाला, तोही २-२ असा बरोबरीत सुटला आणि अखेर एका मुलाच्या डोळ्यांना पट्टी बांधून त्याच्याकडून चिठ्ठी उचलविण्यात आली. चिठ्ठी तुर्कस्तानची निघाली. ही व्यवस्था न्याय्य होती असे कोणी म्हणणार नाही. पण तिच्यात एक प्रामाणिकपणा होता. नशिबाला तिने नशीबच म्हटले, त्याला गुणवत्तेचा शेला पांघरला नाही.

मागील दाराने आत गेलेला सर्वांत प्रसिद्ध पाहुणा म्हणजे १९५८ चा वेल्स. त्याची गोष्ट मुळातच विलक्षण आहे. इस्राएलशी खेळण्यास त्याच्या वाटेतील एकामागून एक देशांनी नकार दिला. एकही सामना न खेळता कोणालाही स्पर्धेत येऊ द्यावयाचे नाही, असा फिफाचा नियम. म्हणून युरोपातील उपविजेत्यांमधून चिठ्ठीने प्रतिस्पर्धी शोधण्यात आला. बेल्जियमने ते आमंत्रण नाकारले, वेल्सने स्वीकारले. त्याने दोन्ही सामने २-० असे जिंकले आणि स्वीडनमधील स्पर्धेत तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला. तेथे ब्राझिलच्या पेले नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने केलेल्या एकमेव गोलाने तो हरला. तेव्हा मागच्या दाराने आलेला नालायकच असतो असे मुळीच नाही. मात्र वेल्स हा त्याच स्पर्धेतील, आपल्या गटात दुसरा आलेला संघ होता. दुसऱ्या कोणत्या स्पर्धेचे प्रमाणपत्र घेऊन तो दाराशी आला नव्हता.

याउलट उदाहरण स्कॉटलंडचे. १९५० मध्ये ब्रिटनमधील चार संघांची वार्षिक स्पर्धा हीच पात्रता फेरी धरण्यात आली होती आणि तिच्यातील पहिल्या दोघांना ब्राझिलला जाण्याची मुभा होती. स्कॉटिश संघटनेने आधीच जाहीर केले होते की, गेलो तर विजेते म्हणूनच जाऊ. ग्लासगोत इंग्लंडकडून १-० अशी हार झाली. स्कॉटलंड दुसरा आला आणि शब्दाला जागून घरी बसला. हा ताठा अनाठायी होता, खेळाडूंवर तो अन्यायही होता. पण दोन गुणांच्या पुंजीवर प्लेऑफची तयारी करणाऱ्या आजच्या काळात त्याची आठवण आल्यावाचून राहत नाही.

गटपद्धती तरी सदैव न्यायाने चालते काय? १९७३ मध्ये बेल्जियमने आपल्या गटातील सहा सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. चार विजय, दोन बरोबरी, गोल बारा, विरोधी गोल शून्य, आणि तरीही तो बाहेर राहिला. गुण समान असूनही चोवीस गोल करणारा हॉलंड गोलफरकावर पुढे गेला. अम्स्टरडॅममधील शेवटच्या सामन्यात अखेरच्या क्षणी बेल्जियमने केलेला गोल ऑफसाइड म्हणून नाकारण्यात आला होता आणि तो निर्णय चुकीचा होता, हे नंतर सर्वांनीच मान्य केले. हॉलंडने पुढे १९७४ ची अंतिम फेरी गाठली. क्रायफच्या त्या संघावर सारे जग लुब्ध झाले, बेल्जियमच्या त्या अभेद्य बचावफळीची आठवण मात्र कोणी ठेवली नाही. त्याच नोव्हेंबरात सोव्हिएत संघाने सान्तियागोच्या राष्ट्रीय क्रीडांगणावर खेळण्यास नकार दिला. चिलीमधील लष्करी उठावानंतर त्या क्रीडांगणाचा उपयोग कैद्यांना डांबण्यासाठी झाला होता. फिफाला त्यात वावगे काही दिसले नाही. चिलीचे खेळाडू समोर कोणीही नसताना चेंडू घेऊन गेले आणि रिकाम्या जाळ्यात त्यांनी तो ढकलला. पात्रता फेरीच्या इतिहासात याहून लाजिरवाणा गोल नसेल.

हे सारे अन्याय खरे. परंतु एकात पंचाची नजर चुकली होती आणि दुसऱ्यात संघटनेची सदसद्विवेकबुद्धी झोपली होती. स्वीडनच्या बाबतीत कोणाचीही चूक झाली नाही. सर्व काही ठरल्याप्रमाणे घडले, आणि तेच आक्षेपार्ह आहे.

प्लेऑफ एकाच सामन्याचा असावा काय, हा याला लागूनच असलेला प्रश्न. जुलै २०२१ मध्ये युरोपीय अजिंक्यपद मिळविणारा इटलीचा संघ २०२२ च्या पात्रता गटात एकही सामना हरला नव्हता. चार विजय आणि चार बरोबरी अशा कामगिरीनंतर तो स्वित्झर्लंडच्या मागे दोन गुणांनी राहिला. मार्चमध्ये पालेर्मोत उत्तर मॅसिडोनियाशी गाठ पडली. इटलीने तीसहून अधिक वेळा गोलाच्या दिशेने फटके मारले आणि भरपाईच्या वेळेत त्रायकोव्स्कीच्या एकाच फटक्याने इटली बाहेर पडली. मॅसिडोनिया काही उपरा नव्हता. त्याने आपल्या गटात जर्मनीला जर्मनीत जाऊन हरविले होते. त्या रात्रीचा विजय त्याचा, त्याबद्दल वाद नाही. पण दुसऱ्या लढतीसाठी इटलीला स्कोप्येला जाण्याची, आणि मॅसिडोनियाला आपल्या लोकांसमोर खेळण्याची संधी असती, तर जो कोणी पुढे गेला असता तो अधिक खात्रीने गेला असता. २०१७ मध्ये स्वीडननेच इटलीला दोन सामन्यांच्या लढतीत १-० असे बाहेर काढले, तेव्हा मिलानमधील अश्रूंना कोणी दुर्दैव म्हटले नाही. एकशे ऐंशी मिनिटांत एकही गोल न करणाऱ्या संघाला दैवाला दोष देता येत नाही.

नेशन्स लीगच्या समर्थनार्थ लहान देशांचा कैवार घेतला जातो. हा युक्तिवाद दुर्लक्षून चालणार नाही. जॉर्जियाने २०२४ च्या युरोपीय अजिंक्यपदात याच वाटेने प्रवेश मिळविला, तिबिलिसीत ग्रीसला पेनल्टीवर हरविले आणि पुढे पोर्तुगालवर मात केली. ती रात्र त्या देशाला कोणत्याही गटपद्धतीने दिली नसती. परंतु त्या स्पर्धेत खालच्या श्रेणीतील संघांसाठी एक जागा राखून ठेवलेली होती. विश्वचषकाच्या पात्रतेत अशी राखीव जागा नाही. २०२२ मध्ये या दाराने आत आले ते ऑस्ट्रिया आणि चेक प्रजासत्ताक, त्यांना लहान कोण म्हणेल? शिवाय या पद्धतीने लहानांपुढे टाकलेले आमिष कधी कधी विचित्र वळण घेते. सान मारिनोने २०२४ मध्ये नेशन्स लीगच्या तळाच्या श्रेणीत आपला गट जिंकला, लिश्टेनश्टाइनला त्यांच्या घरी ३-१ असे हरविले. आनंदाचीच गोष्ट. पण विश्वचषकाच्या गटात त्याच्यासोबत रुमानिया होता आणि तोही लीगमधील गटविजेताच. रुमानिया दुसरा आला तर यादीतील त्याची जागा मोकळी होऊन सान मारिनो एक पायरी वर सरकणार होता. म्हणजे समोरच्याचे भले व्हावे, त्याने आपल्यावर खुशाल गोल चढवावेत, यातच त्याचे हित. खेळाडूंनी असे काही मनात आणले असे कोणी म्हणत नाही. परंतु आपल्या हरण्यात आपला लाभ दडलेला आहे, असा हिशेब मांडता यावा, हेच नियम करणाराच्या बुद्धीचे दिवाळे.

लहान देशांचे खरे हित आहे ते मोठ्यांच्या गटात त्यांना बरोबरीचे स्थान देण्यात. ऑस्ट्रियाने सान मारिनोवर दहा गोल केले की, अशा दुबळ्यांची आधी वेगळी चाळणी लावा, ही मागणी दरवेळी पुढे येते. ती मागणी करणाऱ्यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये तोर्शाव्हनला जे घडले ते आठवावे. पंचावन्न हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या फेरो बेटांनी चेक प्रजासत्ताकाला २-१ असे हरविले, त्यापायी चेक प्रशिक्षकाला पद सोडावे लागले आणि फेरो बेटे बारा गुण घेऊन गटात तिसरी आली. जेमतेम साडेतीन लाख वस्तीचा आइसलँड क्रोएशिया, युक्रेन आणि तुर्कस्तान यांच्या गटात पहिला येऊन २०१८ च्या विश्वचषकात गेला, तो दहा सामन्यांच्या बळावर. कोणत्याही उपस्पर्धेच्या शिडीची त्याला गरज भासली नाही.

यावर उपाय सापडत नाही असेही नाही. २०१८ साठी नऊ गटांतील उत्तम आठ उपविजेते घेऊन दोन-दोन सामन्यांच्या चार लढती झाल्या. नवव्या उपविजेत्याला, स्लोव्हाकियाला, घरी बसावे लागले. निरनिराळ्या गटांतील उपविजेत्यांची तुलना पूर्णांशाने न्याय्य नसते, हे खरे. मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी दोनच तारखा मोकळ्या मिळतात, ही अडचणही खरी. पण त्या दोन तारखांत सोळा संघांच्या दोन फेऱ्या कोंबण्याऐवजी आठ संघांची एकच फेरी, एक सामना आपल्या आणि एक परक्याच्या मैदानावर, आरामात बसते. त्यासाठी युएफाला बारांपैकी चार उपविजेत्यांची नाराजी पत्करावी लागेल आणि नेशन्स लीगच्या हातातील काठी काढून घ्यावी लागेल. यांतील दुसरी गोष्ट तिला अधिक जड जाईल, कारण त्या लीगचे सामने दूरचित्रवाणीला विकताना हीच काठी दाखविली जाते.