किल्ली खिशात, कुलूप बंद

 शेजारचे काका मध्यंतरी स्वतःच्याच गाडीबाहेर भर पावसात उभे राहिले. किल्ली खिशात होती, पण हँडलवरचं बटण कितीही दाबलं तरी दार उघडेना. किल्लीतला नाण्याएवढा सीआर २०३२ सेल बदलून पाहिला, दुसरी किल्ली आणली, तरी तेच. शेवटी किल्लीच्या पोटात दडलेली धातूची छोटी किल्ली काढली, तेव्हा दार उघडलं.

बिनकिल्लीच्या कुलपात गाडीतलं कंट्रोल मॉड्यूल साधारण १२५ किलोहर्ट्झवर हाक मारतं. ती हाक एखाद-दीड मीटरच पोचते. किल्ली सांकेतिक उत्तर देते, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास. ते जुळलं की कुलूप निघतं.

नाक्यावरच्या गॅरेजवाल्यानं पायाखालचा गालिचा उचलला तर खाली पाणी. काचेखालच्या जाळीत पानं साचली होती, पाण्यानं आतून वाट काढली होती आणि मॉड्यूलच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. "काका, मॉड्यूल गेलंय," तो म्हणाला. भंगारातून त्याच मॉडेलचं मॉड्यूल आणून त्यानं बसवलंही. पण गाडी किल्ली ओळखेना, कारण त्या मॉड्यूलच्या स्मृतीत दुसऱ्याच गाडीच्या किल्ल्या होत्या. नवं मॉड्यूल घ्या, कोडिंग करा, सगळ्या किल्ल्या समोर ठेवून पुन्हा जोडा, असं ते काम. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये. म्हणून इंजिन ठणठणीत असलेली गाडी टोइंगवर चढली.

ज्यानं दोष शोधला त्याच्या हातात दुरुस्ती नाही, हे खरं दुखणं. भारतीय स्पर्धा आयोगानं २०१४ च्या ऑगस्टमध्ये नेमक्या याच प्रश्नावर १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू द्या, असं आयोगाचं म्हणणं होतं. त्याला दशक उलटलं, आणि नाक्यावरचा माणूस अजून हात चोळत उभा आहे.

कोड खुले केले तर चोरांचं फावेल, असं उत्तर मिळतं. ही भीती खोटी नाही. पण झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर प्रयोग केले, तेव्हा त्यांना एकही कोड फोडावा लागला नाही. गाडीची हाक त्यांनी लांबच्या किल्लीपर्यंत पोचवली, आणि दहाही गाड्या उघडल्या. गॅरेजवाल्यापासून कोड लपवून ही चोरी थांबत नाही. आरसी आणि मालकाची ओळख तपासून, नोंद ठेवून प्रशिक्षित कारागिराला कोडिंग करू देणं अवघड नाही.

नव्या मॉड्यूलसाठी काकांना नऊ दिवस थांबावं लागलं. गाडी परत आली तशी त्यांनी ती आधी नाक्यावर नेली आणि पाणी शोधून काढल्याचे पैसे दिले. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून जाळीतली पानं पुन्हा साफ केली.