जुन्या लॅपटॉपाची माया

घरांतील वस्तूंचे दोन वर्ग करतां येतात. कांहीं वस्तु जुन्या झाल्या म्हणजे टाकाव्याशा वाटतात, आणि कांहीं जुन्या झाल्या म्हणजे अधिकच आपल्या वाटूं लागतात. आजीचा अडकित्ता, आजोबांचें फाउंटन पेन हीं दुसऱ्या वर्गांतलीं, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु विजेवर चालणारें आणि दहा वर्षांत कालबाह्य ठरणारें यंत्रहि त्यांच्या पंक्तीस येऊन बसेल, असें कोणास वाटलें नसतें. लॅपटॉपाच्या एका जातीविषयीं मात्र तसें घडलें आहे. आकारानें लहान, वजनानें हलके आणि आतां कारखान्यांत न बनणारे असे कांहीं लॅपटॉप लोक आजहि जिवापाड जपतात. ही माया कशांतून उपजली आणि ती कोठवर धरावी, याचा विचार या महिन्यांत करूं.

हलकेपणाची ही कथा फार जुनी नाहीं. २००७ च्या ऑक्टोबरांत तैवानच्या असूस कंपनीनें ‘ई पीसी ७०१’ बाजारांत आणला. त्याचा पडदा सात इंचांचा आणि वजन सुमारें ९२० ग्रॅम. म्हणजे आजोबांच्या मापानें अदमासें एक शेर. २०१० च्या ऑक्टोबरांत ॲपलनें ११ इंची मॅकबुक एअर काढला. तो १ किलो ६० ग्रॅमांचा होता. २०११ सालीं लेनोवोचा थिंकपॅड एक्स २२० आला. तो दीड किलोच्या आसपास भरे, पण त्याची ख्याति झाली ती त्याच्या कळफलकामुळें. या तिघांपैकीं आज एकहि बनत नाहीं. २०१० सालीं आयपॅड निघाला आणि लहान, स्वस्त लॅपटॉपाचें गिऱ्हाईक तिकडे वळलें. २०१३ च्या आरंभीं असूसनें ती जातच बंद केली. ११ इंची एअर २०१६ च्या ऑक्टोबरांत विक्रींतून गेला. थिंकपॅडानें २०१२ च्या एक्स २३० पासून सात ओळींचा जुना कळफलक सोडून सहा ओळींचा नवा धरला.

वस्तु गेल्या, पण लोकांची आवड गेली नाहीं. थिंकपॅडास पंचवीस वर्षें पुरीं झालीं तेव्हां, २०१७ सालीं, लेनोवोनें सात ओळींच्या कळफलकाची एक खास आवृत्ति काढली. चीनमधील ‘५१एनबी’ या हौशी मंडळानें तर जुन्या थिंकपॅडाच्या सांगाड्यांत बसतील असे नव्या प्रोसेसरचे मदरबोर्ड स्वतः तयार करून विकले. वाडा तसाच ठेवून आंत नळ आणि वीज खेळवावी, त्यांतलाच हा प्रकार.

आपल्या महाराष्ट्रांतहि या जातीच्या यंत्राचा एक स्मरणीय प्रयोग झाला आहे. निकोलस निग्रोपाँटी यांच्या ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या योजनेंतील हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप २००७ सालीं रायगड जिल्ह्यांतील खैरात या खेड्याच्या एकशिक्षकी शाळेंत मुलांच्या हातीं आला. भारतांतील तो पहिला प्रयोग. दीड किलोहून किंचित् कमी वजन, धुळीस आणि पाण्याच्या शिंतोड्यांस दाद न देणारें अंग, आणि भर उन्हांत वाचतां येणारा पडदा, हे त्याचे गुण. शंभर डॉलरांचा म्हणून गाजलेला तो लॅपटॉप प्रत्यक्षांत जवळ जवळ दुप्पट किमतीस पडला. भारत सरकारनें २००६ सालींच योजनेस नकार दिलेला होता. आणि आतां तें यंत्र बनत नाहीं. तथापि अंगणांत बसून वाचतां यावें अशी सोय त्यांत होती हें विसरतां येत नाहीं. आजचा एखादा चकचकीत लॅपटॉप उन्हांत धरून पाहावा. अक्षरांऐवजीं आपलेंच तोंड दिसतें.

तेव्हां या मायेच्या मुळाशीं केवळ हळवेपणा आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. जे गुण पूर्वीं होते आणि पुढें काढून टाकण्यांत आले, त्यांची ही आठवण आहे. एक्स २२० ची बॅटरी खटका सरकवितांच सुटते. हार्ड डिस्कचें झांकण एका स्क्रूवर असतें. रॅमच्या पट्ट्या हातानें बदलतां येतात. जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसविली म्हणजे मरगळलेलें यंत्र ताठ उठून बसतें. ११ इंची एअरची गोष्ट निराळी. त्याची रॅम मूळ पाटावर डाख देऊन बसविलेली. ती जन्मभर वाढवितां येत नाहीं. हलकेपणा दोघांतहि आहे, पण एकांत दुरुस्तीची वाट मोकळी ठेवली आहे आणि दुसऱ्यांत ती बुजविली आहे. पुढील काळांत बहुतेक हलक्या लॅपटॉपांनीं दुसऱ्याचाच मार्ग धरला.

मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गांवीं हा भेद शहरापेक्षां अधिक जाणवतो. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळ्या निघालेल्या वाशीम जिल्ह्यांतील हें गांव. येथें रेल्वे नाहीं. शिकण्यासाठीं अमरावतीस किंवा अकोल्यास जाणाऱ्या मुलामुलींस एस. टी.चा आधार. पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या विद्यार्थ्यास किलोभर वजनाचें मोल सांगावें लागत नाहीं. कंपनीचें दुरुस्ती-केंद्र अशा गांवीं दाराशीं नसतें. जें यंत्र स्क्रू काढून उघडतें तें गांवच्या हुशार कारागिरास साधतें, जें चिकटवून बंद केलेलें असतें तें दूर धाडावें लागतें. सोयाबीन-तुरीच्या पैशावर वर्षाचा ताळा बसविणाऱ्या घरास दर तीन वर्षांनीं नवें यंत्र घेणें झेपतहि नाहीं.

परंतु मायेला मर्यादा हवी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नित्याची विनामूल्य सुरक्षा-दुरुस्ती थांबली, आणि २०११ सालच्या लॅपटॉपावर विंडोज ११ अधिकृतपणें चढत नाहीं. अशा यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणें म्हणजे कडी नसलेल्या दारामागें तिजोरी ठेवणें. लिनक्स घातल्यास एक्स २२० आजहि सुखानें चालतो, आणि त्यावर मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलकहि आयता मिळतो. ई पीसी ७०१ चें मात्र तसें नाहीं. तो ३२-बिट यंत्रांपैकीं, आणि त्या जातीला लिनक्सवालेहि एकेक करून सोडीत आहेत. डेबियनच्या ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तींत अशा यंत्रांवर नव्यानें स्थापना करण्याची सोय उरली नाहीं. बॅटरी फुगलेली दिसली तर क्षणभरहि मोह धरूं नये. तिला टोंचूं नये, दाबूं नये, वापर तत्काळ थांबवावा.

याहून महत्त्वाची गोष्ट एकत्र कुटुंबाची आहे. आपल्या घरांत जुन्या यंत्रावर माया करणारा एक असतो आणि तें वापरणारी व्यक्ति दुसरीच असते. काकांचा आवडता लॅपटॉप ‘अजून छान चालतो’ म्हणून पुतणीच्या हातीं दिला जातो आणि नवा चिरंजीवांसाठीं येतो. परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशीं बॅटरी मान टाकते ती त्या मुलीच्या पुढ्यांत. काकांची माया तेव्हां तिच्या उपयोगीं पडत नाहीं. ज्याची माया त्यानेंच तें यंत्र वापरावें, हा नियम आम्हांस न्याय्य वाटतो. घरखर्चाची वही, पत्रें, वाचन, लिहिणें हीं कामें जुन्या यंत्रावर उत्तम होतात, आणि वडील मंडळींस तीं पुरेशीं असतात. ज्याच्या कामावर वर्ष अवलंबून आहे, मग तो मुलगा असो, मुलगी असो किंवा नोकरी करणारी सून असो, त्याला निर्धास्त चालणारें यंत्र आधीं द्यावें.

नवें घेतांना जुन्याचे गुण मात्र दुकानदारास विचारावे: बॅटरी बदलतां येते काय, रॅम वाढवितां येते काय, वजन किती, सुटे भाग किती वर्षें मिळतील? आणि जें यंत्र खरोखर संपलें, तें भंगारांत मोडूं न देतां ई-कचऱ्याच्या अधिकृत संग्राहकाकडे द्यावें. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनीं त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. देण्यापूर्वीं त्यांतील कुटुंबाचीं छायाचित्रें आणि कागदपत्रें उतरवून घेण्याचें काम घरांतील तरुणांनीं पुढील सुटीच्या आंत उरकून टाकावें.