दार आपले, जिना सगळ्यांचा

दक्षिण दिल्लीतल्या मुनिरकाच्या एखाद्या डी. डी. ए. वसाहतीची कल्पना करा. दुसऱ्या मजल्यावर सुतार आणि गवंडी एकदमच हजर झाले आहेत. सुतार जुने दार काढून सागवानी बसवणार, तर गवंडी चौकटच चार फूट पुढे, जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत सरकवणार. चपलांच्या कपाटाची सोय होईल, असा गृहिणीचा हिशेब. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना मात्र वेगळीच काळजी पडली आहे. उद्या त्यांना स्ट्रेचरवरून खाली न्यायची वेळ आली, तर स्ट्रेचर वळणार कुठे?

सुताराचे काम साधे आहे. आहे त्याच चौकटीत दार बदलणे, रंग देणे, भक्कम कुलूप बसवणे यात कुणाचे काही बिघडत नाही. गवंड्याचे काम मात्र सरळ अतिक्रमण ठरते. जिने, मार्गिका, ये-जा करण्याच्या वाटा या सामाईक जागा आहेत. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्यात आणि दिल्लीच्या १९८६ च्या कायद्यातही हेच तत्त्व आहे.

डी. डी. ए.च्या फ्लॅटमध्ये काही बदल परवानगीशिवाय करता येतात. व्हरांड्याला ग्रिल व काचा लावणे, अंगणाला दार बसवणे, आतली साडेचार इंची भिंत काढणे ही त्यातली काही. काही बदलांना आधी मंजुरी लागते. सामाईक जागा बळकावणे किंवा इमारतीच्या आधाराला धक्का लावणे मात्र मुळीच चालत नाही.

वास्तुशास्त्राच्या सल्ल्याने दाराची जागाच बदलणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. जुन्या तीन-चार मजली इमारतींत बरेचदा नऊ इंची भिंतीच वरचे वजन पेलतात. तिथे नवी चौकट पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरचा सल्ला आणि लेखी परवानगी हवीच.

चोरांच्या भीतीने लावलेले जाळीचे दारही बाहेर उघडत असेल, तर जिन्याची वाट अडवते. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ च्या आवृत्तीत बाहेर पडण्याच्या दारांबद्दल स्पष्ट म्हटले होते, की उघडल्यावर त्यांनी जिन्याची वा लँडिंगची आवश्यक रुंदी ९० सेंटिमीटरपेक्षा कमी करू नये. शक्यतो जाळी चौकटीच्या आत, सरकती किंवा आत उघडणारी घ्यावी.

मोकळ्या वाटेचे मोल दिल्लीला चांगलेच ठाऊक आहे. मुनिरकापासून फार लांब नसलेल्या ग्रीन पार्कमधल्या उपहार चित्रगृहाला १३ जून १९९७ रोजी आग लागली आणि ५९ जणांचा बळी गेला. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवून बाहेर पडण्याची वाट अडवली होती.

तेव्हा काम काढण्यापूर्वी वाटपपत्र आणि मंजूर नकाशा पाहावा. सोसायटीला किंवा रहिवासी संघाला लेखी कळवावे. मात्र शेजाऱ्यांचे ना-हरकत पत्र म्हणजे सरकारी परवानगी नव्हे. वसाहत महापालिकेकडे सोपवली असेल, तर तिथे चौकशी करावी. फ्लॅट भाड्याचा असेल, तर मालकाची संमती आधी घ्यावी.

आणि शेवटी, उघडे दार धरून जिन्यात उभे राहावे. दोन माणसे खुर्चीवर बसलेल्या आजोबांना उचलून शेजारून नेऊ शकतील का? नसतील, तर चपलांच्या कपाटाला घरातच जागा शोधावी.