नाव घातलेली भांडी

पितळेच्या भांड्यावर नाव घालून घेण्याची आपली जुनी चाल मला फार आवडते. टिंबाटिंबांच्या अक्षरांत देणाऱ्याचे नाव, निमित्त आणि तारीख! मुंज असो, बारसे असो, पातेल्याच्या काठावर त्याची नोंद व्हायचीच. संशोधकांनी ताम्रपटांपायी जन्म वेचले. पण आपल्या माळ्यांवर केवढे ताम्रपट पडून आहेत, याची गणती कुणी केली आहे? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घरोघरचे दिवे आणि अडकित्ते काचेच्या कपाटांत मानाने बसले आहेत. दिनकर केळकरांनी ते वर्षानुवर्षे हिंडून जमवले. परंतु सगळ्यांच्याच पातेल्यांना तेथे जागा मिळायची कशी? बाकीची मोडीत जातात, आणि मोडीच्या तराजूत नावाला वजन नसते.

आमच्या आईची इमारत यंदा पुनर्विकासाला गेली. पंचाहत्तराव्या वर्षी तिला चार खोल्यांतून दोन खोल्यांत जायचे होते. एकेका वस्तूपाशी डोळ्यांना पदर लागेल म्हणून मी धीर द्यायला गेले, तर तिचा झपाटा पाहून मलाच खाली बसावे लागले. तांब्याचा बंब गेला, पाळणा गेला, लाकडी कपाट गेले. नावाची भांडी मात्र तिने मोडीत घातली नाहीत. एकेक उजेडात धरून वाचले आणि ज्याचे त्याच्या घरी पोहोचते केले. माझ्या बारशाची वाटी जुन्या शेजारीणबाईंच्या नातीकडे गेली. त्या मुलीने आजीच्या नावावरून नुसते बोट फिरवले. काही बोलली नाही.

भांड्यांचे असे सोपे झाले; अडले ते कागदांपाशी. निधनाचे कार्ड पूर्वीची माणसे वाचताक्षणी फाडून टाकीत. कोणता कागद ठेवायचा, याचा नियम मात्र कुणी घालून दिलेला नाही. ट्रंकेच्या तळाशी जुन्या लुगड्याच्या काठाने बांधलेला एक गठ्ठा होता. निळी अंतर्देशीय पत्रे. आप्पा नोकरीसाठी भुसावळला एकटे राहत, तेव्हाची. आप्पांना जाऊन नऊ वर्षे झाली.

"ही जाळायची," आई म्हणाली.

मराठी शिकवणाऱ्या माणसासमोर असे बोलू नये! मी तिला 'कुसुमानिल'ची गोष्ट सांगितली. कुसुमावती देशपांडे १९६१ साली गेल्या. पुढे कवी अनिलांनी दोघांची लग्नाआधीची पत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ती तेव्हा जाळली असती, तर मराठीचे केवढे नुकसान झाले असते!

आईने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "पण ती अनिलांनी स्वतः दिली ना छापायला? त्यांची होती, त्यांनी दिली. ही माझी आहेत."

वर्गात मी हे पुस्तक अनेकदा शिकवले आहे. हा मुद्दा एकाही विद्यार्थ्याने काढलेला नाही.

"निदान मला वाचू तरी दे," मी म्हणाले.

"त्यात तुझे काही नाही. कोळशाचा भाव आहे, तुझ्या आजीचा दमा आहे, आणि बाकीचे माझे आहे."

गठ्ठा तिने औषधांच्या पिशवीत ठेवला. नव्या जागेत तो तिच्या उशाच्या फडताळात आहे. परवा मला बजावून सांगितले, "माझ्यामागे सोडायचा नाही. तसाच बंबात घालायचा."

"बंब तर तू मोडीत दिलास!"

आई जरा थांबली. "मग राहू दे तूर्त," म्हणाली, आणि चकलीची भाजणी चाळायला उठली.