बाळंतविड्याचा ताळेबंद

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी माणसानं काय करावं, याचे काही संकेत ठरलेले आहेत. रक्तातली साखर तपासून घ्यावी, गृहकर्जाचे किती हप्ते उरले ते मोजावं आणि बदली टळावी म्हणून युनियनच्या पुढाऱ्याला चहा पाजावा. आमच्या शाखेतले माझ्या बरोबरीचे कारकून सध्या मुलांच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी धावताहेत. अस्मादिक मात्र झबल्यांचे भाव विचारत तुळशीबागेत हिंडताहेत! होय, वाचकहो, लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर आमच्या घरी पाळणा हलायचा आहे. सातवा महिना चालू आहे. पेढे अजून मागू नका.

बातमी फुटली आणि तिसऱ्या दिवशी यादी आली. सौ.च्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं ती मोबाइलवर धाडली होती. मथळा : ‘पहिलं बाळ येण्यापूर्वी घ्यायच्या अत्यावश्यक वस्तू’. एकूण कलमं एकसष्ट. मी बी.कॉम. आहे. (सेकंड क्लास, पण आहे.) शिवाय काही वर्षं कर्जाच्या टेबलावर काढली आहेत. ‘अत्यावश्यक’ हा शब्द दिसला की माझी भुवई आपोआप वर जाते. ज्याला नवा सोफा घ्यायचा असतो तोसुद्धा अर्जात ‘अत्यावश्यक घरदुरुस्ती’ असंच लिहितो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत ताटकळावं लागणार नाही. ही यादी बाळाच्या गरजेतून निघालेली नाही. ती आईबापांच्या भीतीतून निघाली आहे. आणि गंमत अशी की, एकसष्ट कलमांत जे खरोखर लागतं तेवढंच नेमकं नाही.

यादी घेऊन आम्ही एका मोठ्या वातानुकूलित दुकानात गेलो. दारातल्या मुलीनं माझ्या केसांकडे बघून गोड आवाजात विचारलं, “नातवासाठी का, सर?” तिथंच मी निम्मा खचलो. उरलेला निम्मा किमतीच्या चिठ्ठ्या वाचून. पण या दुकानांत घासाघीस करता येत नाही. तुम्ही “एवढं महाग?” म्हटलंत की ती मुलगी नुसतं हसते आणि म्हणते, “बाळासाठीच तर आहे ना, सर!” संपलं! या वाक्यापुढे भला भला बाप गारद होतो. तारण न घेता माणसाला कर्जात कसं बुडवावं, हे आमच्या बँकेनं या मुलीकडून शिकावं.

आता कलमवार पाहू. कलम नऊ : बाळाचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकवणारं यंत्र. आमचा संसार दोन खोल्यांचा. सौ.नं स्वयंपाकघरात जांभई दिली तर मला बाल्कनीत ऐकू येते. वरच्या मजल्यावरच्या काकांची शिंक तर फुकटात ऐकू येते. कलम चौदा : ढकलगाडी. आमच्या पेठेतला फुटपाथ ज्यानं पाहिलाय त्यानं ही गाडी विकत घेऊन दाखवावी. कलम बावीस : बाळाला पुसायचे ओले रुमाल गरम करणारं विजेचं यंत्र. माझी आजी कोमट पाण्यात फडकं बुडवून पिळायची, त्या तंत्राला अजून पेटंट मिळालेलं नाही.

कपडे तर विचारूच नका. तीन तुकड्यांचा सूट, वर बो! अकाउंटन्सीत घसारा नावाची एक गोष्ट आम्ही शिकलो. वस्तू वापरात येते तसतशी तिची किंमत कमी होते. पण बाळाच्या कपड्याइतका घसारा कुठल्याच यंत्राला नसेल. जन्मतःचं वजन साधारण पाचव्या महिन्यापर्यंत दुप्पट होतं आणि वर्षाचं होईतो तिप्पट. म्हणजे बारशाचा सूट दिवाळीला डेडस्टॉक रजिस्टरात!

इथवर नुसता पैशाचा प्रश्न होता. पण काही कलमं मी लाल शाईनं खोडली. पहिलं, दुधाच्या बाटल्यांचा संच. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, वरचं पाणीसुद्धा नको, आणि पहिलं दूध जन्मल्यापासून तासाभरात पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे तर १९९२ सालचा कायदा आहे; २००३ साली तो आणखी कडक झाला. दुधाची पावडर आणि बाटल्या यांची जाहिरातच करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, असं त्यात लिहिलंय. कायद्यानं ज्याची जाहिरात बंद, ते आमच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर! एखादीला खरंच पाजता आलं नाही तर डॉक्टर सांगतील ते करावं, त्यात त्या माउलीचा काही दोष नाही. पण बाळ जन्मायच्या आधीच बाटली आणून ठेवणं म्हणजे खातं उघडायच्या आधीच ते बुडीत धरणं.

दुसरं, चाकांचा वॉकर. त्यात बसवलं की मूल लवकर चालतं, असा समज. प्रत्यक्षात ते जिन्यावरून गडगडतं. कॅनडानं २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. आपल्याकडे तो बारशाला आहेर म्हणून येतो.

म्हणजे मी जुन्याचा कैवारी आहे, असं समजू नका. आमच्या मातोश्रींचीही एक यादी आहे. जन्मल्यावर जिभेला मध, डोळ्यांत काजळ, डोक्याखाली मोहरीची उशी. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तिन्हींवर काट मारली. वर्षाच्या आत मध नको, काजळ नको आणि तान्ह्याला उशी तर नकोच. सपाट, जरा घट्ट अंथरूण पुरे, आणि झोपवायचं पाठीवर. तेव्हापासून मातोश्री डॉक्टरीणबाईंचा उल्लेख ‘ती कालची पोरगी’ असा करतात.

पण आईच्या यादीचं खरं पहिलं कलम वेगळंच आहे : “बाळ हाती येईपर्यंत घरात काही म्हणजे काही आणायचं नाही.” एकसष्ट कलमांच्या विरुद्ध टोकाला हे एक. मी आधी हसलो. मग आईनं आपल्या आईचा हिशेब सांगितला. बाळंतपणं आठ, जगली पाच. मला आकडे कळतात. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२० साली हा आकडा २८ वर आला. तो कमी झालाय, पण आईच्या मनातली खतावणी अजून जुन्याच आकड्यांवर चालते. आणि खरं सांगायचं तर माझ्याही. सहा वर्षांपूर्वी तिसऱ्याच महिन्यात मी तुळशीबागेतून एक पिवळं टोपडं आणलं होतं. पुढे ते कोणाला घालायची वेळ आली नाही. सौ.नं ते कपाटात कुठंतरी ठेवलं, आणि कुठं ते मी विचारलं नाही.

तेव्हा मला एवढं कळलं, की दोन्ही याद्या भीतीच्याच आहेत. एक म्हणते, काही आणू नका म्हणजे दृष्ट लागणार नाही. दुसरी म्हणते, सगळं आणा म्हणजे काही कमी पडणार नाही. फरक एवढाच, की पहिलीनं कोणाचं दुकान चालत नाही.

आता यादीत नसलेलं सांगतो. घरात रात्री दोनला उठणारं माणूस हवं. तान्हं मूल दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पितं. ते पाजणं आईलाच करावं लागतं. पण नंतर ढेकर काढणं, लंगोट बदलणं, वाळत घालणं याला आई लागत नाही, कारकूनही चालतो. २०१७ सालच्या दुरुस्तीनं आईची बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली. चांगलं झालं. बापाचं काय? केंद्र सरकारच्या नोकराला पंधरा दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापाला रजा द्यावी, असा कायदा नाही. म्हणून मग तो बिचारा ढकलगाडी घेऊन येतो! स्वतः थांबता येत नाही, तर वस्तू ठेवून जातो.

तेव्हा आमच्या घरी मंजूर झालेला बाळंतविडा असा : सुती झबली सहा, टोपडी दोन, कुंची एक, दुपटी सहा. लंगोट दोन डझन, तेही आईच्या जुन्या नऊवारी लुगड्यांचे. तेवढं मऊ कापड कुठल्याच दुकानात मिळत नाही. मेणकापड, मच्छरदाणी, थर्मामीटर, गोधडी. रात्रीसाठी डायपरचं एक पुडकं, कारण तत्त्व म्हणून मी जागा राहीन, सौ.नं का राहावं? ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांनी बाळाच्या सीटमध्ये मात्र काटकसर करू नये. आमच्याकडे स्कूटर आहे, आम्ही दवाखान्यातून रिक्षानं येऊ. बाकी लागेल तसं आणू. बाळ झालं म्हणून दुकानं काही बंद होत नाहीत.

उरलेल्या पैशांत आंघोळ घालायला येणाऱ्या बाईंचा तीन महिन्यांचा पगार, अळिवाचे नि डिंकाचे लाडू, आणि दवाखान्यासाठी वेगळी काढलेली रक्कम. मी साठवलेली रजा यंदा एकदम काढणार आहे. मॅनेजरसाहेब म्हणाले, “अहो, बाळंतपण कोणाचं आहे?” मी म्हटलं, “जॉइंट अकाउंट आहे, साहेब.”

परवा घरी आलो तर बाल्कनीतल्या दोरीवर ते पिवळं टोपडं वाळत होतं. आईनं धुऊन घातलं होतं. मी नुसतं तिच्याकडे बघितलं. “बघतोस काय?” आई म्हणाली, “नवीन कुठं आणलंय? घरातलंच आहे.” मी काही बोललो नाही. आईच्या नियमाला पळवाट आईनंच काढली, त्यावर ऑडिट कोण करणार?

तर मंडळी, सगळं नीट पार पडलं की आमच्याकडे जरूर या. पण टेडी अस्वल आणू नका. दोन पोळ्या आणि भाजीचा डबा आणा, आणि तासभर बाळाला मांडीवर घेऊन बसायच्या तयारीनं या. तेवढ्या वेळात सौ. झोपून घेईल. पेढे तेव्हा मिळतील.